एअर गनरची पदकं वाचायची कशी?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, एका एअर गनरची (विमानातून मशिनगन चालवणाऱ्याची) म्हणून मी चार पदकं विकत घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. काळ्या मखमलीवर टाचलेली, काचेच्या चौकटीत बसवलेली. तीन तारे, एक गोल पदक आणि कोपऱ्यात गणवेशातल्या एका पोरसवदा सार्जंटचा फोटो. पुढं एका जाणत्या संग्राहकांना ती मोठ्या ऐटीत दाखवायला नेली. त्यांनी चौकट हातातसुद्धा घेतली नाही. लांबूनच म्हणाले, "हे दोन तारे एकाच माणसाला दिले कुणी?"

तारे खरे होते. फोटोही बहुतेक खराच होता. पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नव्हतं, आणि निदान एक तारा तरी त्या रांगेत उपराच होता. नियम ठाऊक असता तर दुकानातच दहा सेकंदांत कळलं असतं. त्या वेळी भरलेली फी थोडीफार वसूल व्हावी म्हणून हा लेख. तुम्ही संग्रह करणार असाल, कुणा ओळखीच्यांच्या घरातली पेटी उघडून बसला असाल किंवा नुसतं कुतूहल असेल, तरी पुढचा क्रम पाळा. पदक हातात घेण्याआधी माणूस आणि त्याच्या तारखा. हा क्रम उलटला की फसगत ठरलेली.

आधी माणूस कोण होता ते पाहा

लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात जण असत. त्यांतले दोघं गनर, एक पाठीवरच्या घुमटात आणि एक शेपटीच्या टोकाला. शेपटीतल्या गनरपुढं .३०३ च्या चार ब्राउनिंग मशिनगन असायच्या. जागा इतकी अपुरी की पॅराशूटसुद्धा घुमटात मावत नसे, ते मागं विमानाच्या पोटात अडकवून ठेवावं लागे. विजेवर गरम होणारा अंगरखा घालून हा माणूस सहा-सात तास एकटा, उलट तोंड करून अंधारात डोळे ताणत बसलेला असे.

पदकांच्या हिशेबात त्याचा हुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. मे १९४० पासून विमानात उडणाऱ्या प्रत्येकाला किमान सार्जंटचा हुद्दा मिळू लागला. बहुतेक गनर सार्जंट किंवा फ्लाइट सार्जंट असत, काही वॉरंट ऑफिसर होत आणि थोडे कमिशन मिळून अधिकारी. अधिकारी झाला की सेवा क्रमांकही बदलायचा. त्यामुळं एकाच माणसाचे दोन क्रमांक सापडले तर गोंधळू नका, दोन्ही टिपून ठेवा.

छातीवर एकच पंख आणि त्याला लागून वर्तुळात एजी ही दोन अक्षरं, हा एअर गनरचा बिल्ला. तो डिसेंबर १९३९ मध्ये आला. प्रशिक्षण पूर्ण केल्याची ती खूण असते, पदक नव्हे. जुन्या फोटोत भिंग लावून आधी तोच शोधायचा.

मग ढीग दोन करा

एका बाजूला मोहिमेची पदकं, म्हणजे ठरावीक काळ ठरावीक ठिकाणी सेवा केली म्हणून मिळालेली. दुसऱ्या बाजूला शौर्यपदकं. छातीवर शौर्यपदकं आधी येतात. आपण समोरून पाहतो तेव्हा डावीकडून सुरुवात शौर्यपदकानं, मग तारे आणि शेवटी गोल मोहीम-पदकं. हा क्रम उलटसुलट असेल तर संच नंतर कुणीतरी हौसेनं लावलेला असतो. त्यावरून लगेच खोटा म्हणू नये, पण कान टवकारावेत.

ताऱ्यांचा हिशेब तारखेवर

नवखा माणूस अडकतो तो इथं. म्हणून जरा सावकाश जाऊ.

सगळे तारे सारखेच दिसतात. सहा टोकांचे, पिवळसर मिश्रधातूचे, मध्ये राजा सहावा जॉर्ज याची अक्षरमुद्रा आणि भोवतीच्या पट्ट्यावर ताऱ्याचं नाव. ओळख पटते ती नावावरून आणि फितीच्या रंगांवरून.

पहिला १९३९–४५ स्टार. फितीवर गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे, म्हणजे आरमार, लष्कर आणि हवाई दल. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत किंवा ब्रह्मदेशात लढून आलेल्यांच्या ट्रंकांमध्येही हाच तारा निघतो, म्हणून काही मराठी घरांना त्याची ओळख आहे. फक्त अट वेगळी. पायदळातल्या माणसाला सहा महिने लागायचे. विमानातल्या माणसाला लढाऊ तुकडीत दोन महिने आणि त्यात शत्रूवरची किमान एक फेरी एवढं पुरे. त्याआधीच मरण आलं किंवा जखमी होऊन सेवा थांबली तर दिवसांची अट आड येत नसे.

दुसरा एअर क्रू युरोप स्टार. बॉम्बरच्या संचात संग्राहकांचा जीव असतो तो याच्यात. फीत मध्ये फिकट निळी, दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा आणि कडा काळ्या. ब्रिटनमधून उडून युरोपवर हल्ले करणाऱ्यांसाठी हा तारा. त्याची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ५ जून १९४४. आधीचा १९३९–४५ स्टार कमावून झाला की त्यापुढं आणखी दोन महिने मोजायचे.

तिसरा फ्रान्स अँड जर्मनी स्टार. फितीवर निळा, पांढरा, लाल, पांढरा, निळा. मुदत ६ जून १९४४, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस, ते ८ मे १९४५.

आता माझी चूक लक्षात येईल. एअर क्रू युरोप आणि फ्रान्स अँड जर्मनी हे दोन्ही तारे एकाच माणसाला द्यायचे नाहीत असा नियमच होता. दोन्हीची पात्रता असेल तर आधी कमावलेला तारा मिळे आणि दुसऱ्याच्या नावाची छोटी आडवी पट्टी पहिल्याच्या फितीवर चढे. म्हणजे जानेवारी ते ऑगस्ट १९४४ या काळात उडालेल्या गनरकडं एअर क्रू युरोप स्टार आणि त्यावर 'फ्रान्स अँड जर्मनी' ही पट्टी असणं बरोबर. दोन्ही तारे शेजारीशेजारी असणं चूक. माझ्या चौकटीत ते शेजारीशेजारी होते.

एक सवय लावून घ्या. कुठलाही संच पुढं आला की कागदाच्या मध्यावर एक उभी रेघ मारून तिच्यावर ५ जून १९४४ लिहायचं. गनरच्या फेऱ्या रेघेच्या डावीकडं की उजवीकडं, एवढं कळलं तरी निम्मा संच तपासून होतो.

गोल पदकं दोन, त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको. वॉर मेडल २८ दिवस पूर्णवेळ सेवा केलेल्या जवळपास प्रत्येकाला मिळालं. मागच्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. डिफेन्स मेडलला मात्र ब्रिटनमधली तीन वर्षांची सेवा लागे. १९४३ मध्ये भरती होऊन १९४४ मध्ये पडलेल्या पोराकडं ते नसणारच. "एक पदक हरवलंय" असं सांगून कुणी ते तुमच्या गळ्यात मारू पाहील, तर भरतीची तारीख विचारा.

आणि एक अगदी अलीकडची गोष्ट. युद्धात बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण गेले, उडालेल्या सुमारे सव्वा लाखांतले. पण त्यांच्यासाठी वेगळं मोहीम-पदक कधी निघालंच नाही. जर्मन शहरांवरच्या हल्ल्यांबद्दल युद्ध संपताच सरकारलाच अवघडल्यासारखं झालं होतं, हे त्यामागचं एक कारण असं मला वाटतं. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं त्यांचं स्मारकसुद्धा २०१२ मध्ये उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, १९३९–४५ स्टारच्या फितीवर लावायची 'बॉम्बर कमांड' अशी पट्टी द्यायला सुरुवात झाली. ती अर्ज करणाऱ्या हयात सैनिकांना किंवा त्यांच्या वारसांना मिळते. म्हणून जुन्या संचात ही पट्टी दिसली तर तिचा आणि ताऱ्याचा प्रवास वेगळा आहे हे ओळखा. नसली तरी संच अपुरा ठरत नाही.

शौर्यपदक: हुद्दा बघा, मग धातू

१९१८ मध्ये हवाई दलासाठी दोन जुळी पदकं निघाली. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी, हा अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर यांच्यासाठी. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, म्हणजे डीएफएम, हे सार्जंट आणि त्याच्या आसपासच्या हुद्द्यांसाठी. काम तेच, धोका तोच, पण भोजनगृह वेगळं म्हणून पदक वेगळं. डीएफसी चांदीचा क्रूस, डीएफएम चांदीचं लंबगोल पदक. दोन्हींच्या फितीवर पांढऱ्यावर जांभळ्या तिरप्या रेघा असतात. डीएफसीच्या रेघा रुंद, डीएफएमच्या बारीक. दुरून पाहताना भले भले फसतात. अधिकाऱ्यांच्या तुलनेत डीएफएमची वाटणी फारच हात आखडून झाली, म्हणून आज ते दुर्मीळ आणि महाग. १९९३ मध्ये हा हुद्द्याचा भेद संपला आणि डीएफएम बंद झालं.

उदाहरणासाठी मे १९४३ मधली जर्मन धरणांवरच्या हल्ल्याची रात्र घ्या. गाय गिब्सनच्या विमानाच्या शेपटीत फ्लाइट लेफ्टनंट रिचर्ड ट्रेव्हर-रोपर होता आणि मिक मार्टिनच्या विमानाच्या शेपटीत ऑस्ट्रेलियाचा फ्लाइट सार्जंट सिम्पसन. दोघांचं आसन तेच, मोहीमही तीच. ट्रेव्हर-रोपरला डीएफसी आणि सिम्पसनला डीएफएम.

ट्रेव्हर-रोपरकडं डीएफएमही होतं. ते आधीचं, तो सार्जंट असतानाचं. एकाच छातीवर डीएफसी आणि डीएफएम दिसली की समजायचं, हा माणूस खालच्या हुद्द्यावरून वर आलेला. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गच्या हल्ल्यात तो गेला. बॉम्बर कमांडची ९५ विमानं त्या एका रात्रीत परतली नाहीत. आता आपली उभी रेघ काढा. मृत्यू ५ जूनच्या आधीचा. म्हणजे एअर क्रू युरोप स्टार हवा, त्यावर 'फ्रान्स अँड जर्मनी' ही पट्टी नको आणि त्या नावाचा स्वतंत्र तारा तर नकोच. माणसाच्या दोन तारखा हाती असल्या की पदकं न बघताच रांग मांडता येते ती अशी.

याच्या वरची दोन पदकं. कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडलची हवाई आवृत्ती १९४२ च्या शेवटी आली. सगळी मिळून सव्वाशेच्याही आत दिली गेली. नॉर्मन विल्यम्स या ऑस्ट्रेलियन गनरकडं ते होतं आणि शिवाय डीएफएम दोनदा. दुसऱ्यांदा मिळालं की नवं पदक देत नाहीत, फितीवर आडवी पट्टी चढते. आणि सगळ्यांत वर व्हिक्टोरिया क्रॉस. जून १९४४ मध्ये कॅनडाच्या अँड्र्यू मायनार्स्कीच्या लँकेस्टरला आग लागली. उडी मारायची सोडून तो शेपटीतल्या घुमटात अडकलेल्या सोबत्याला सोडवायला आगीतून मागं गेला. घुमट हलेना. शेवटी सोबत्यानंच त्याला परत जायला खुणावलं. मायनार्स्कीनं पेटत्या कपड्यांनिशी त्याला सलाम केला आणि उडी मारली. मायनार्स्की गेला. अडकलेला गनर मात्र विमान आपटल्यावर बाहेर फेकला जाऊन वाचला. त्याच्या सांगण्यावरून १९४६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

इथं एक नियम असा आहे, जो कळल्याशिवाय कुठलाही संच नीट वाचता येत नाही. त्या काळी मरणोत्तर देता येण्याजोगे सन्मान फार थोडे होते. वर व्हिक्टोरिया क्रॉस आणि खाली 'मेन्शन इन डिस्पॅचेस', म्हणजे युद्धवृत्तात नावाचा उल्लेख. त्याची खूण म्हणून वॉर मेडलच्या फितीवर ब्राँझचं छोटं ओकचं पान लागतं. मधलं काहीच नाही. डीएफसी आणि डीएफएम मेलेल्या माणसाला मिळतच नसत, हा नियम १९७९ मध्ये बदलला. धरणांच्या हल्ल्यात १३३ जणांपैकी ५३ मेले. परत आलेल्यांपैकी ३४ जणांना पदकं मिळाली. मेलेल्यांपैकी एकालाही त्या रात्रीबद्दल डीएफसी किंवा डीएफएम नाही. तेव्हा एखाद्या मृत गनरच्या रांगेत नुसते दोन तारे आणि एक वॉर मेडल दिसलं, तर "यानं काही विशेष केलेलं दिसत नाही" असं म्हणायची घाई करू नका. काय केलं ते सांगायला त्या विमानातून बऱ्याचदा कुणी परतलेलंच नसे.

उलट बाजूही आहे. निकोलस अल्केमेड हा शेपटीतला गनर मार्च १९४४ मध्ये पेटलेल्या विमानातून पॅराशूटशिवाय सुमारे १८,००० फुटांवरून उडी मारून झाडांवर आणि बर्फावर पडला आणि जगला. जगावेगळी गोष्ट, पण वाचल्याबद्दल पदक नसतं.

कडेवरून बोट फिरवा

ब्रिटननं आपल्या सैनिकांना दिलेले तारे आणि वॉर मेडल यांच्यावर नाव कोरलेलं नसतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेनं मात्र नावं कोरून दिली. म्हणजे ब्रिटिश गनरचा कोरा तारा कुणाचाही असू शकतो आणि पुढं कुणाचाही म्हणून विकला जाऊ शकतो. माझी चौकट जन्माला आली ती याच फटीतून.

डीएफएमच्या कडेवर सेवा क्रमांक, हुद्दा, आद्याक्षरं, आडनाव आणि दल हे कोरलेलं असतं. पदक उजेडाकडं तिरपं धरा आणि कडेवरून हलकेच नख फिरवा. जुनं नाव घासून नवं कोरलेलं असेल तर तिथली कड किंचित खोल किंवा पातळ लागते. डीएफसीवर नाव नसतं, मागं खालच्या हातावर फक्त वर्ष कोरलेलं असतं. त्यामुळं एकटा डीएफसी कागदांशिवाय विकायला आला तर नुसत्या चांदीच्या क्रूसाएवढंच त्याचं मोल करा.

खरं काम कागदात

पदकं युद्धानंतर पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यातून टपालानं घरी आली, तीही बहुधा मागणी केल्यावर. कित्येकांनी मागितलीच नाहीत. पत्ता लिहिलेलं मूळ खोकं शिल्लक असेल तर ते ताऱ्यांइतकंच जपा.

गनरची फ्लाइंग लॉगबुक मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यात तारीख, विमान, वैमानिकाचं नाव, लक्ष्य आणि उड्डाणाचे तास असतात. रात्रीच्या फेऱ्या सहसा लाल शाईत लिहिलेल्या. 'गार्डनिंग' लिहिलं असेल तर बागकाम समजू नका, समुद्रात सुरुंग पेरायला गेले होते. 'डीएनसीओ' म्हणजे काम न होता परत आले. तीस फेऱ्यांचा एक टूर धरत. महिन्याअखेरीच्या सह्या पाहा आणि फेऱ्या मोजा.

लॉगबुक नसेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. ते ऑनलाइन फुकट शोधता येतं आणि प्रत्येक डीएफसी-डीएफएमची घोषणा त्यात छापलेली असते. नावानं शोधलं तर जुन्या छपाईमुळं बऱ्याचदा हाती काही लागत नाही. सेवा क्रमांकानं शोधा. तिथून स्क्वाड्रन, म्हणजे त्याची विमानांची तुकडी, कळली की ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या स्क्वाड्रनच्या नोंदवह्या उघडायच्या. त्यांची मालिका एआयआर २७. कुठल्या रात्री कोण कुणाबरोबर उडालं ते त्यात सापडतं. शौर्यपदकांच्या शिफारशी एआयआर २ मध्ये. गॅझेटमध्ये दोन ओळी असतील तिथं शिफारशीत पानभर मजकूर मिळू शकतो. गनरनं शत्रूच्या विमानावर गोळी झाडली असेल तर त्याचा चकमक-अहवाल एआयआर ५० मध्ये पाहावा. किती यार्डांवर दिसलं, कुठून आलं, किती गोळ्या गेल्या, असा कोरडा हिशेब. मला तो कुठल्याही शिफारशीपेक्षा जास्त हलवून सोडतो.

माणूस मेलेला असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची यादी आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी, दोन्ही फुकट. कबर नसेल तर लंडनजवळच्या रनिमीड स्मारकावर नाव असण्याची शक्यता मोठी. तिथं वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं आहेत.

या कागदांत आपली आडनावंही भेटतात. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर होते, गनर नव्हे. ज्या लँकेस्टरमधून त्यांनी काही फेऱ्या केल्या ती आजही लंडनच्या हेंडनमधल्या हवाई दल संग्रहालयात उभी आहे. मला ते नाव आधी ठाऊक नव्हतं. भलतंच काही शोधताना समोर आलं.

माझ्या त्या चौकटीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. काच काढून मी फोटो भिंगाखाली धरला. डाव्या छातीवर एजीचा पंख स्पष्ट दिसतो. त्याखाली फितीचा एकच तुकडा, तीन पट्ट्यांचा, एक कड फिकट. युद्ध चालू असताना पदकं नव्हे, फक्त फिती वाटल्या गेल्या आणि त्या १९४३ च्या उत्तरार्धापासून. तेव्हा १९३९–४५ स्टारचं नाव १९३९–४३ स्टार होतं. एअर क्रू युरोपची फीत तर १९४५ मध्ये आली. म्हणजे हा पोरगा खरोखर गनर होता, दोन महिने लढाऊ तुकडीत काढून चुकला होता आणि फोटो १९४३ च्या मध्यानंतरचा. पुढं तो रेघेच्या या बाजूला संपला की त्या बाजूला गेला, ते फोटो सांगत नाही. १९३९–४५ स्टार आणि वॉर मेडल मी जागेवर ठेवली. बाकीचे दोन तारे काढून पाकिटात घातले. मखमलीवर टाचण्यांची भोकं तशीच आहेत, त्यांतलं एक कधीतरी भरायचं आहे.